कोंबड्याच्या पिसाची माशी

१ ऑगस्ट

मिळाली! वत्सलाबाईंच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची सात पिसं. कोंबडा जिवंत आहे, फक्त रागावला आहे. वत्सलाबाई विचारत होत्या, "पिसं कावून पाहिजेत गं तुला? करनी-बिरनी करतीस का काय?" म्हटलं, ब्लाउजच्या लटकनाला. पटलं त्यांना. हल्ली ब्लाउजच्या पाठीला लोक काहीही लटकवून घेतात.

खरं कारण इथं लिहिते, दुसरीकडं सांगायची सोय नाही. माझी राजनंदिनी बँकेत लागली आणि बँकेनं तिला थेट हिमाचलात टाकलं. तिचे घरमालक नदीवर मासे धरतात. पण गांडूळ नाही, कणीक नाही! गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लांब दोरीनं ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसतो. मग त्याला हळूच सोडवायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. पोरीनं व्हिडिओ पाठवला, तो मी अकरा वेळा पाहिला. मासा नाही पाहिला, माशी पाहिली. अगं बाई, हे तर माझंच काम! चोवीस वर्षं कडा गावात बसून ब्लाउजांवर आरीच्या सुईनं मोर आणि कुयऱ्या काढतेय. एवढीशी माशी बांधता येणार नाही?

गळ कुरिअरनं आले, बारा. मशीनचा पाय खाली सोडला की त्याच्याखाली गळ घट्ट बसतो, हलत नाही. मग तांबडं पीस, काळा रेशमी दोरा, पोटाला जरीचे तीन वेढे. पहिल्या तिघी नुसत्या गुंता झाल्या. चौथी बघून वाटलं, आता ही उडते. उद्याच ती राजनंदिनीला कुरिअर करते.

हे आपल्या पिठाच्या गिरणीतून जेवायला आले. "हे काय नवीन?"

"लटकन."

"बरं हाय," म्हणाले आणि ताक मागितलं.

ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मी गळ घेऊन बसले आहे — श्रावण लागायला चार दिवस असताना!

८ ऑगस्ट

मासा लागला!!! माझ्या माशीला!

राजनंदिनीचा फोन आला तेव्हा मी साखराबाईंच्या नातीचं माप घेत होते. टेप तिच्या गळ्यातच राहिला. राजनंदिनीच्या घरमालकांनी, ठाकूरजींनी, माझी चौथी माशी पाण्यावर टाकली आणि तिसऱ्याच फेकीला मासा! हातभर लांब, अंगावर लाल ठिपके. ठाकूरजींनी विचारलं, ही बांधली कुणी? "माझी आई ब्लाउज शिवते, तिनं." ते म्हणे पाच मिनिटं माशी उलटीसुलटी करून बघत होते. आणि मग म्हणाले, आईला बोलव. मैत्रिणी असतील तर त्यांनाही येऊ दे, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. फक्त ऑक्टोबर संपायच्या आत या, नंतर चार महिने मासे धरायला सरकारची बंदी असते.

मैत्रिणी असतील तर! आहेत ना! तीन आहेत!

लगेच विजयमालेला फोन. ही पाटोद्याकडं मोठ्या घरात दिलेली. पन्नास एकर रान, दारात दोन गाड्या, नवरा अमरसिंह राजकारणात, आणि तरी बाईंना ब्लाउज माझ्याच हातचा लागतो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत किंचाळली, "मंजे, तिकिटं काढ!" मासे कसले, कुठले, काही विचारलं नाही. मग बायनाबाई. ही लिंबागणेशला अंगणवाडीत होती, आता निवृत्त. पाण्याला भिते. आंघोळसुद्धा बादली लांब ठेवून करत असेल. म्हणाली, "मी काठावर बसन. पर बर्फ दिसन का?" दिसेल म्हटलं, लांबून.

चौथी शिवकन्या. तिला फोनवर नाही सांगणार.

९ ऑगस्ट

नागपंचमी. शिवकन्येच्या वस्तीवर जाऊन आले. तिनं पुरणाचे दिंड केले होते, चार खाल्ले.

आधी तिचं लिहिते. शाळेत होतो तेव्हा ओढ्याला पाणी आलं की आम्ही चौघी ओढणी धरून मासे पकडायचो. म्हणजे पकडायची ती. विजयमाला हुकूम सोडायची, बायना काठावरून रडायची, मी ओढणी फाटली की शिवायची. सातवीत वेरूळची सहल ठरली. बसमध्ये चौघींचा बाक ठरला. आणि दिवाळी झाली, तोडीचा ट्रक आला, शिवकन्या आईबापाबरोबर उसाला गेली. तिच्या जागेवर आम्ही दप्तरं ठेवली. पुढं शाळा सुटली तिची, लग्न झालं, नवऱ्याबरोबर तोड सुरू झाली. माझ्या लग्नात ती नव्हती. राजनंदिनीच्या बारशाला नव्हती. दिवाळी ते गुढीपाडवा शिवकन्या नसतेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आमचं तिच्यावाचून काही अडलं नाही. दप्तरं ठेवून चालतच राहिलं.

ह्या वेळी नाही. इथं लिहून ठेवते: शिवकन्या नाही तर कुणीच नाही.

तिला सगळं सांगितलं. ती शेण लावलेल्या हातानं तशीच उभी. "मासा धरायचा अन् सोडून द्यायचा? कावून?"

मी तिला फोनवर व्हिडिओ दाखवला.

"येड्या झाल्यात तुमी बाया," म्हणाली. मग मोठ्यानं हसायला लागली. हसताना ती अजून सातवीतलीच दिसते. तिच्या तोडीच्या टोळीच्या आप्पा मुकादमानं ह्या वर्षी दिवाळी झाल्यावर ट्रक निघणार म्हणून सांगितलंय. म्हणजे १६ ऑक्टोबरला निघायचं, २६ ला परत, दिवाळी घरी. तिचा रामेश्वर बाजेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "जा की. मला काय सैपाक येत न्हाई व्हय?" शिवकन्या म्हणाली, "न्हाईच येत." पण जाणार!

११ ऑगस्ट

तिकिटं निघाली! राजनंदिनीनं फोटो पाठवला. एकाखाली एक चार नावं.

१५ ऑगस्ट

विजयमालेनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव 'गळाला लागल्या'. मी आधी घाबरले, ह्यांनी बघितलं तर? मग नाव बदलून 'भजनी मंडळ' केलं.

बायनाबाईची यादी आली. धपाटे, शेंगाची चटणी, तिळाच्या पोळ्या, सुंठ, लसूण, एक कुकर. कुकर कशाला? "तिथली डाळ शिजंल का न्हाई, काय सांगावं?" विजयमालेनं नगरहून टोपी आणली. चारी बाजूंनी झालर, वर फूल. टोपी घालून पाठवलेला फोटो पाहून शिवकन्येनं पोराच्या फोनवरून आवाज पाठवला, "इजे, तुला बगून मासं पानी सोडून पळतेत बग."

मशीनवर बसल्या बसल्या हसत होते. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? म्हटलं, भजन आठवलं.

१८ ऑगस्ट

आज सराव! राजनंदिनीनं एक काठी पाठवली, चार तुकड्यांची, जोडली की माझ्या दीडपट. पाझर तलावाच्या मागं उडीद काढून मोकळं झालेलं रान आहे, तिथं गेलो. पाणी नाही, नुसतं रान. दोरीच्या टोकाला माशीऐवजी लोकरीचा तुकडा.

युक्ती अशी: काठी मागं झटकायची, दोरी पाठीमागं पूर्ण ताणेपर्यंत थांबायचं, मग पुढं. थांबायचं हेच अवघड. मी थांबलेच नाही, दोरी माझ्याच अंबाड्यात. विजयमालेनं असा झटका मारला की टोपी उडून बाभळीवर गेली. बायना लांब उभी राहून "जपून गं! जपून गं!" करत होती, तरी शेवटी दोरी तिच्याच पायात.

मग शिवकन्येनं काठी घेतली. पदर खोचला. एकदा हातात तोलून पाहिली. मागं — थांबली — पुढं. दोरी सुटली ती सरळ, लांब, आवाज न करता, आणि लोकरीचा तुकडा मी ठेवलेल्या रुमालावर जाऊन बसला. परत केलं, परत रुमालावर. विजयमालेनंसुद्धा तोंड मिटलं!

"कुठं शिकलीस बे?" मी विचारलं. बायकांना बे म्हणत नाहीत, तोंडातून निघालं.

तिनं मनगट पुढं केलं. "कोयत्यानं शिकवलं. सपकन मारायचं अन् जागच्या जागी थांबवायचं. न्हाई थांबलं तर पायावर येतंय."

चारा घेऊन जाणारे दोन म्हातारे बांधावर उभे होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "पतंग उडवतेत का काय?" दुसरा म्हणाला, "न्हाई, पतंग गेलेला दिसतोय." आम्ही खाली बसून हसलो. गुडघे दुखायला लागले तरी हसत होतो.

२७ ऑगस्ट

चौथी हिमाचलात गेली, घरी अकरा माश्या होत्या, दहाच सापडतात. लटकनांच्या डब्यातच ठेवते मी, कुणाला संशय नको म्हणून. एक कुठं गेली?

२८ ऑगस्ट

कुठं गेली ते अख्ख्या कड्याला कळलं!

साखराबाईंच्या नातीचा साखरपुडा होता. परवा मी बँकेत गेले होते तेव्हा साखराबाई ब्लाउज न्यायला आल्या. लटकन लावायचे राहिले होते. हे घरी होते. ह्यांनी आपलं मोठ्या मनानं डबा पुढं केला, "बघा, ह्यातलं छान बघून घ्या." आणि साखराबाईंनी सगळ्यात छान तेच घेतलं. घरी जाऊन स्वतःच टाचलं. वर मला आज मांडवात सांगतात, "एकच होतं गं तसलं, पर काय नाजूक काम हाय तुजं!" मी पाहिलं. नवरीच्या पाठीवर, दोन गोंड्यांच्या मधोमध, माझी तांबडी माशी.

काही करायच्या आत नवरदेवाची आई नवरीचा पदर नीट करायला वाकली. अडकला! तिच्या पैठणीचा पदर गळात. तिनं ओढला, नवरी मागं गेली. नवरी पुढं सरकली, विहीणबाई तिच्यामागून आल्या. दोघी पाटाभोवती एक फेरी मारून आल्या. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. शेवटी नवरदेवाचा मामा चष्मा लावून वाकला आणि मांडवभर ऐकू जाईल असा बोलला, "आवो, हा तर गळ हाय! मासं धरायचा! आमच्या धरनावर हायेत असले."

साखराबाई म्हणाल्या, "अगं बया! गिरनीवाल्यांनीच दिला की मला!"

सगळ्यांनी वळून ह्यांच्याकडं पाहिलं. हे पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ.

कात्रीनं पदराची दोन सुतं कापून मी त्यांना सोडवलं. साखरपुडा झाला. विहीणबाईच हसायला लागल्या, म्हणून निभावलं. पण घरी येताना हे चार पावलं पुढंच चालले. चप्पल काढताना म्हणाले, "लटकन म्हनलीस."

तेवढंच.

२९ ऑगस्ट

सगळं सांगून टाकलं. हिमाचल, तिकिटं, भजनी मंडळ. आणि म्हटलं, मारत नाही हो आम्ही, खात नाही, धरायचा आणि सोडायचा, मग पाप कशाचं?

हे बराच वेळ जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी घालत होते. गिरणीचं दळण थांबवून. मग म्हणाले, "तोंडात गळ रुतवायचा, वढून काढायचा, अन् मग सोडायचा. त्या मुक्या जिवाला काय सांगनार? गंमत केली म्हनून?"

मला वाटलं होतं रागावतील, ओरडतील. तशी तयारी करून बसले होते मी. ह्याची नव्हती.

२ सप्टेंबर

पोळा. हे शेजारच्यांच्या बैलांशी अर्धा तास बोलले. माझ्याशी नाही.

८ सप्टेंबर

राजनंदिनीला विचारलं, माशाला लागतं का गं? तिनं ठाकूरजींना फोन दिला. ते हळू हिंदीत बोलले, मला बरंचसं कळलं. गळाच्या टोकाला आत एक उलटा काटा असतो. रुततो तो तोच. पकडीनं तो दाबून सपाट केला की गळ नुसता टेकतो, बोटानं लगेच निघतो. मासा निसटायची भीती जास्त, पण ते स्वतः असेच गळ वापरतात.

निसटला तर निसटला! आज ह्यांच्या गिरणीतली बारीक पकड आणली आणि एकेक काटा दाबला. नवे मागवलेले धरून एक्केचाळीस. बोटांना फोड आले. हे पेपर वाचत होते. पेपरचं पान तासभर उलटलं नाही.

उठताना म्हणाले, "पकड जागच्या जागी ठेव."

दहा दिवसांनी! पकड जागच्या जागी ठेवली. तिच्यावर हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

१७ सप्टेंबर

विजयमालेनं अखेर नवऱ्याला सांगितलं. (मला वाटत होतं महिन्यापूर्वीच सांगितलंय. ती म्हणते, "सांगितलं होतं गं, पर मनातल्या मनात.") अमरसिंहराव चिडले नाहीत, उलट खूश. म्हणे फ्लेक्स लावू! 'तालुक्यातील रणरागिणी हिमालयाकडे रवाना.' चौघींचे फोटो, मधे मासा. संध्याकाळपर्यंत कुणीतरी कान भरले की माळकरी मतं जातील. मग मासा काढून मधे कमळ टाकूया म्हणाले, मग ते पक्षाचं होतंय म्हणून कमळही नको. आता फ्लेक्सच नाही. विजयमाला दोन दिवस रुसली आहे, फोटो चांगला आला होता म्हणे.

२२ सप्टेंबर

आज हे जेवताना: "त्या शिवकन्येचं मनगट लई चालतंय म्हनं?"

मी तव्यावरची भाकरी विसरले.

६ ऑक्टोबर

दहा दिवस राहिले! घटापुढं बसते तरी डोक्यात नदी. आज चौघी नगरला गेलो, स्वेटर आणले. शिवकन्येनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी स्वेटर घेतला, गडद निळा. दुकानातच घातला आणि काढेना. ऑक्टोबरचं ऊन, एसटीत खच्चून गर्दी, घामानं ओलीचिंब झाली तरी बटणं लावलेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ताप हाय का?" ही म्हणाली, "न्हाई. हिमाचल हाय."

एसटीतून उतरेपर्यंत पोट धरून हसलो. बायनाला उचकी लागली ती कड्यापर्यंत थांबली नाही. वय काय आमचं! बावन्न! आणि मी रोज सकाळी उठून भरलेली पिशवी उघडून बघते, जशी सहलीच्या आदल्या दिवशी बघायची.

१० ऑक्टोबर

सगळं फिसकटलं.

शिवकन्येचा फोन. आप्पा मुकादमानं ट्रक अलीकडं घेतला. दिवाळीनंतर नाही, चौदा तारखेला. कर्नाटकातल्या कारखान्यावर ज्याची टोळी आधी पोचते त्याला पाण्याजवळ राहायच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, घालायला जागा मिळते. गेल्या वर्षी शिवकन्येच्या टोळीला मिळाली नाही, बायकांनी सहा महिने दीड मैलावरून पाणी आणलं. म्हणून आधी जायचं. तोड लगेच सुरू होणार नाही, नुसती जागा धरून बसायचं, पण सगळ्यांनी जायचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अर्धा कोयता मुकादम नेत नाही.

"तुमी तिघी जा," ती म्हणाली. रडत नव्हती. सवयीच्या आवाजात म्हणाली, त्याचंच मला जास्त लागलं. "मला फोटू दावा आल्यावर."

११ ऑक्टोबर

विजयमाला आणि मी आप्पा मुकादमाकडं गेलो. माणूस वाईट नाही. चहा केला. पण ऐकेना.

"वैनी, मागल्या साली दोन बाया म्हनल्या मागून येतो. आल्याच न्हाईत. टोळी मोडली माझी. आता कुनाला मागं ठेवत न्हाई."

विजयमाला म्हणाली, आमचा सालगडी देते तिच्या बदल्यात, दहा दिवस. आप्पा हसला. "त्यो दुसऱ्या दिशी पळंल. माज्या भरवशाचं मानूस द्या, ती येईस्तवर बसंल असं. मग बगू."

मी म्हटलं, मी बसते. खरंच म्हटलं, मनापासून. तिथून सरळ वस्तीवर गेले आणि शिवकन्येला सांगितलं, तू जा, मी ट्रकमध्ये जाते. तिनं मला असं झापलं! "तू न्हाई तर मी काय त्या इजीच्या टोपीसंगं जाऊ? मला हिंदी येत न्हाई, रेल्वेत चढता येत न्हाई. तू असली तर मी येनार, न्हाई तर न्हाई."

म्हणजे झालंच.

१२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटून झाल्यावर विजयमाला म्हणाली, तिघी तर जाऊ, पैसे भरलेत, पुढच्या वर्षी तिला नेऊ. मी तिच्या हातात आपट्याची पानं दिली आणि भांडले. सणाच्या दिवशी, दारात. म्हटलं, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत चाळीस वर्षं गेली. तिच्या जागेवर दप्तर ठेवायची सवय लागली आहे आपल्याला. मी नाही येणार. ती रडली, मी रडले, बायना दोघींच्या मधे बसून रडली.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. आप्पा काय म्हणाला, शिवकन्या काय म्हणाली, सगळं. हे माझ्याकडं पाठ करून बसले होते, पोळपाटाचा पाय ठोकत. निदान "बरं झालं" तरी म्हणायचं. मला इतका राग आला की ताटं आपटली.

१३ ऑक्टोबर

तिकिटं रद्द कर म्हणून राजनंदिनीला सांगितलं. ती म्हणाली, उद्या दुपारपर्यंत थांब आई. कशाला थांबायचं? पण ठीक आहे.

हे आज दिवसभर गिरणीवरच. जेवायलाही आले नाहीत. चकलीच्या भाजणीची दळणं सुरू झालीत, असेल गर्दी.

१४ ऑक्टोबर

सकाळी शिवकन्येला निरोप द्यायला गेले. पाच माश्या रुमालात बांधून नेल्या होत्या, तिला द्यायला. ट्रक भरलेला. भांडी, ज्वारीची पोती, शेळ्या, लेकरं, बाया. शिवकन्या ट्रकखाली उभी, निळा स्वेटर घालून, हातात पिशवी. म्हटलं, चढ की गं. तिनं नुसतं वर बघ म्हणून हात केला.

वर रामेश्वरच्या शेजारी, सरपणाच्या मोळीवर, हे बसलेले. टोपी, माळ, मांडीवर घोंगडी. दिवाळी तोंडावर असताना गिरणीला कुलूप! आप्पा मुकादम म्हणाला, "काल दोपारीच आलते. भरवशाचं मानूस म्हनालतो ना मी? ह्येच्यापरीस भरवशाचं कोन देनार मला!"

मी चाकापाशी जाऊन उभी राहिले. हे वरून म्हणाले, "सव्वीस तारखेला तिला तिकडं धाडून दे, मग मी येतो. अन् मासा सोडताना हात आधी वल्ला कर. कोरड्या हातानं त्याची कातडी जाती म्हनं. मी विचारलंय आपल्या राजूला."

ट्रक हलला. सगळं गाव उभं होतं. मी ट्रकमागं पळाले आणि ओरडले, "राधाकिशन! पांघरूण एवढंच घेतलंय का?"

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचं नाव घेतलं. ऐकून हे लाजले.